डोलोरेसची टिप

डोलोरेस हुदाकची आणि माझी ओळख सुईनं झाली. पेनसिल्व्हेनियातल्या कोलब्रुकच्या दवाखान्यात मी रक्त काढायचं काम करते. ती खुर्चीत बसली, बाही वर केली आणि म्हणाली, "हळू टोच हं सोन्या. नीट केलंस तर टिप देईन." मी म्हटलं, इथं टिप घेता येत नाही. त्यावर तिनं माझ्याकडे इतक्या किवेनं पाहिलं, की मला पगारच मिळत नाही असं तिला वाटलं असावं. उठता उठता विचारलं, "कांदा चिरता येतो का? मग गुरुवारी चर्चच्या तळघरात ये."

ती सगळ्यांनाच सोन्या म्हणते, पाद्र्यालासुद्धा. जुन्या ओळखीची माणसं तिला नुसतं डी म्हणतात. माझं सुनेत्रा हे नाव तिला झेपलं नाही, म्हणून तिनं माझी सनी करून टाकली. तेव्हापासून मी दर गुरुवारी कांदा चिरते आहे आणि अख्खं गाव मला सनी म्हणतं.

चाळीस वर्षं ती हायवेवरच्या हॉटेलात वेट्रेस होती. वेट्रेसला मालक देतो तो पगार सांगायलाही लाज वाटावी असा असतो. घर चालतं ते गिऱ्हाइकानं बशीखाली ठेवलेल्या टिपेवर. नवरा, अँडी, ऐन चाळिशीत गेला. दोन मुलींची शिक्षणं, त्यांच्या दातांच्या तारा, गळकं छप्पर, अँडीच्या थडग्याचा दगड, हे सगळं तिनं टिपेतून केलं. त्यामुळे टिपेच्या बाबतीत ती फार सोवळी. टिप गिऱ्हाइकासमोर मोजायची नाही. कमी ठेवली म्हणून तोंड वाकडं करायचं नाही. आणि हॉटेल बंद झालं की आपल्या टिपेतला वाटा टेबलं पुसणाऱ्याला आणि भांडी घासणाऱ्याला द्यायचा, त्यात घासाघीस नाही. रविवारी चर्च सुटल्यावर जेवायला येणाऱ्या मंडळींवर मात्र तिचा दात होता. "पैशांच्या जागी चिठ्ठी ठेवून जातात गं. 'येशूचं तुझ्यावर प्रेम आहे.' असेल! पण वीजवाल्याचं नाहीये ना!"

पोलादाच्या कारखान्यानं जाता जाता लोकांची पेन्शन बुडवली, तेव्हापासून आमच्या गावाचा कंपनीवर विश्वास नाही, बँकेवर नाही आणि पिट्सबर्गहून कोट घालून येणाऱ्या माणसावर तर मुळीच नाही. पण आजचं मांस चांगलं नाही, घेऊ नकोस, असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणाऱ्या डोलोरेसवर होता. हॉटेल बंद पडल्यावर तिनं गुरुवारची पंगत सुरू केली ती याच जोरावर. कुणीही यावं, बसावं, जेवावं, काही विचारायचं नाही. मात्र ताट घेऊन रांगेत उभं राहायचं नाही. डोलोरेस आणि तिच्याबरोबरच्या बायका टेबलापाशी येऊन विचारणार, "काय आणू, सोन्या?" खायला असायची एकच गोष्ट, लोण्यात परतलेला कोबी आणि नूडल्स. तरी विचारायचं. माणूस फुकट जेवत असला म्हणून काय झालं, त्याला विचारलं तर पाहिजे.

या पंगतीचा कारभार पाहायला क्रेग नोव्होत्नी आला तेव्हा डोलोरेसला आभाळ ठेंगणं झालं. शाळेत असताना क्रेग तिच्याच हॉटेलात टेबलं पुसायचा. बाप दारुडा, घरात खायचे वांधे. डोलोरेस त्याला वाट्यापेक्षा जास्तच द्यायची आणि वर म्हणायची, आज गिऱ्हाइकं उदार होती. पुढे तो पिट्सबर्गला जाहिरातीच्या कंपनीत लागला, लग्न केलं, मोडलं, आणि परत गावी आला. चर्चच्या समितीनं त्याला नेमलं. "माझा क्रेग" असंच ती म्हणायची. पोटच्या मुलींना तिनं कधी "माझी" म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

पंगतीला देणग्या यायच्या त्या कार्डावरून, आणि कार्डवाले प्रत्येक देणगीतून आपलं कमिशन कापून घ्यायचे. स्टॅन मिहालिकला हे कळलं तेव्हा त्यानं तळघर डोक्यावर घेतलं. स्टॅन आधी पोलादाच्या कारखान्यात होता, तो गेल्यावर बस चालवली, आता निवृत्त. बायको गेल्यापासून गुरुवारी जेवायचाही आणि दर महिन्याला देणगीही द्यायचा. "मी पंगतीला दिले ते पंगतीला मिळाले पाहिजेत! मधे कोण हा दलाल?"

"अरे सोन्या, ओरडतोस काय, कोबी पडेल तोंडातून," डोलोरेस म्हणाली. पण तिलाही ते खटकलं होतं.

क्रेगनं तोडगा काढला. एक नवी वेबसाइट होती. ती संस्थेकडून दमडी घेत नाही. दिलेली रक्कम जशीच्या तशी पंगतीला पोचते. फक्त देणगीच्या खाली एक ओळ असते, टिप ठेवायची. आकडा आधीच भरून ठेवलेला. ज्याला नको त्यानं तो खोडून शून्य लिहायचं. एवढं सांगून क्रेग थांबला. टिप हा शब्द ऐकताच डोलोरेसचा चेहरा असा उजळला, जणू नात झाल्याची बातमी कळली असावी.

"बघ, शेवटी कुणीतरी शहाणं निघालं," ती मला म्हणाली. "देणगी अन्नाची. टिप हातांची. साबण आला, भांडीवाल्याचे हातमोजे आले, घरपोच डबे नेणाऱ्यांचं पेट्रोल आलं. आपल्या हॉटेलातसुद्धा असंच होतं."

मी कांदा चिरत होते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. क्रेग तिथंच उभा होता आणि हसत होता.

पुढच्याच आठवड्यात त्यानं तिचा व्हिडिओ काढला. मागे वाफाळणारी पातेली, पुढे एप्रन बांधलेली डोलोरेस. पाठ केलेलं वाक्य ती विसरली आणि मनातलं बोलली. "हे बघा, मी जन्मभर ताटं उचलली आहेत. टिप म्हणजे काय ते मला विचारा. टिप ही उपकाराची नसते. ज्या हातांनी तुम्हाला वाढलं, ते हात तुम्हाला दिसले, एवढंच त्यातून सांगायचं असतं. म्हणून ती ओळ खोडू नका. जमेल तेवढी ठेवा. जन्मभर तिच्यावर जगलेली बाई सांगतेय." मग तिला एकदम लाज वाटली आणि तिनं एप्रननं तोंड पुसलं. क्रेगनं तेही ठेवलं. व्हिडिओ बघून माझे डोळे भरून आले होते, खोटं का सांगू.

तो व्हिडिओ चालला. कसला चालला! गाव सोडून गेलेली पोरं ओहायोतून, टेक्ससमधून देणग्या पाठवायला लागली. चर्चमध्ये लोक डोलोरेसला थांबवून सांगायचे, "टिप ठेवली बरं का, चांगली घसघशीत!" ती म्हणायची, "शाब्बास! रविवारची मंडळी सुधारली म्हणायची." तळघरात मोठा फ्रीझर आला. तो टिपेतून आला अशी तिची समजूत होती. टिपेचं काय झालं असं तिनं क्रेगला कधी विचारलं नाही. टिप मोजत बसायची नाही, हा तर तिचा नियमच.

मग एका गुरुवारी स्टॅननं तिच्या पायांकडे पाहिलं. तिचे तेच जुने पांढरे बूट, एकाचा तळवा सुटलेला.

"अजून घेतले नाहीस?" तो म्हणाला.

"काय?"

"बूट. अगं, मी टिपेचा आकडा वाढवून ठेवतो दर महिन्याला. तुझे गुडघे दुखतात म्हणून. तुझ्याचसाठी." बोलताना म्हातारा कानापर्यंत लाल झाला.

"वेड्या, ती टिप सगळ्यांची असते. मी एकटी कशी घेईन?" ती म्हणाली, पण तिलाही बरं वाटलेलं होतं. तशीच ती आत आली. क्रेग बटाट्यांचं पोतं उतरवून घेत होता. मी शेजारीच होते. ती म्हणाली, "क्रेग, स्टॅन बिचारा माझ्या बुटांसाठी टिप ठेवतोय. त्याच्या टिपेतून भांडीवाल्यांसाठी ती रबरी चटई आण ना, पाय दुखतात त्यांचे. म्हणजे त्यालाही वाटेल, पायांसाठीच गेली."

क्रेग पोतं ठेवून उभा राहिला. "टिप आपल्याकडे येत नाही, डी."

"येत नाही म्हणजे? जाते कुठे?"

"कंपनीकडे. कार्डाचं कमिशन त्यातूनच भागवतात ते, आणि वरचं त्यांना राहतं. म्हणून तर आपल्याला फुकट आहे."

"मग तिला टिप का म्हणतात?"

"कारण कमिशन म्हटलं की लोक देत नाहीत. टिप म्हटलं की देतात."

मी सुरी खाली ठेवली. डोलोरेस अजून समजून घेत होती. ऑर्डर नीट ऐकू आली नाही की वेट्रेस जशी गिऱ्हाइकाकडे वाकून बघते, तशी ती वाकून बघत होती.

"तुला हे माहीत होतं?"

"खाली लिहिलेलं असतं ना. बारीक अक्षरात. कुणीही वाचू शकतं."

"मी अक्षरांचं विचारत नाहीये. मी कॅमेऱ्यासमोर बोलत होते, तू समोर उभा होतास. तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि मला माहीत नाही, हे माहीत होतं?"

क्रेगनं बटाट्यांकडे पाहिलं. "थांबवणार होतो गं. पण तू इतकं छान बोलत होतीस, डी. असं कुणाला लिहून देता येत नाही. आणि बघ ना, फ्रीझर आला, डबे दुप्पट झाले. कुणाचं नुकसान झालं सांग? दोन-तीन डॉलर तर जातात माणशी."

"तुला टिप काय असते हे कुणी शिकवलं रे?" तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

क्रेग पोत्याची गाठ सोडायला लागला. मला त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. बाहेरच्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो. हा तिच्या टिपेवर वाढलेला. टिप या शब्दावर ही बाई डोळे मिटून विश्वास टाकेल, हे सगळ्या पेनसिल्व्हेनियात ज्याला पक्कं ठाऊक असेल असा हा एकच माणूस, आणि त्यानं नेमका तोच शब्द तिच्या तोंडी दिला. केसानं गळा कापला तिचा, आणि वर म्हणतो, छान बोलत होतीस.

डोलोरेस बाहेर गेली आणि तिनं सगळ्यांना वाढलं. मग एकेका टेबलापाशी जाऊन सांगू लागली. "मी टिप ठेवा म्हणाले होते ना, ती चुकीची गोष्ट होती. ती आम्हाला मिळत नाही. कंपनीला जाते. ती ओळ खोडत जा." कुणी म्हणालं, जाऊ दे गं, एवढं काय. कुणी म्हणालं, मला वाटलंच होतं. पोस्टातल्या बाईनं मात्र चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "तुला किती दिले त्यांनी, डोलोरेस? व्हिडिओचे?"

गंमत म्हणून विचारलं असेल. टेबलावर दोघंतिघं हसलीही. डोलोरेस म्हणाली, "काही नाही." त्या बाईनं भुवया उडवल्या आणि परत जेवायला लागली. इतकी वर्षं तिच्या हातचं खाल्लेली माणसं ती. त्या घटकेला तिच्या शब्दाचा भाव उतरला, आणि मी तो उतरताना पाहिला.

स्टॅनचं टेबल तिनं शेवटी ठेवलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कंपनीनं मागितली असती तर मी दिली असती का, डी? पेन्शन खाल्ली त्यांनी माझी. तू मागितलीस म्हणून दिली."

"मला माहीत नव्हतं, स्टॅन."

"हो," तो म्हणाला. "तू म्हणतेस म्हणजे नसणारच."

टोपी घेऊन तो गेला. पुढच्या गुरुवारी आला तो दाराजवळच्या टेबलावर बसला. त्या टेबलावर डोलोरेस वाढायची नाही.

समितीची बैठक झाली. मीही गेले आणि इतकी भांडले, की पाद्री मला पाणी प्या म्हणाला. डोलोरेसचं म्हणणं साधं होतं: आपलं पान त्या वेबसाइटवरून काढा, कमिशन कापलं जायचं तर आपलं जाऊ दे, लोकांना खरं सांगा की देणगीतून एवढं जातं, भरायचं असेल तर वरून भरा, नसेल तर नका भरू. सरळ मागितलं तर लोक देतात, असं तिचं मत. समितीनं मान डोलावली, तिचं मन किती मोठं आहे हे सांगितलं, आणि पान आहे तसं ठेवायचं ठरवलं. देणग्या वाढल्या होत्या. फ्रीझर भरायचा होता. फक्त आमच्या पानावरचा व्हिडिओ काढायचं क्रेगनं कबूल केलं, आणि काढलाही. त्या दिवसापासून डोलोरेस पंगतीला येईनाशी झाली. क्रेग तिच्या दारात फुलं ठेवून आला. तिनं ती शेजारणीच्या शेळीला घातली.

रविवारी दुपारी मात्र ती माझ्याकडे यायची. मी चहा करायची, ती तो कॉफीसारखा कपभर ओतून घ्यायची. अशाच एका रविवारी माझा फोन वाजला. न्यू जर्सीहून मेधा वहिनीनं काहीतरी पाठवलं होतं. "ही बाई तुमच्या गावची ना गं? कित्ती गोड! आमच्या मंडळाच्या मराठी शाळेसाठी वर्गणी चाललीय, त्या पेजवर कंपनीनं हिचाच व्हिडिओ दिलाय. सगळ्यांनी भरभरून टिप ठेवली!"

खाली डोलोरेस होती. मागे वाफाळणारी पातेली.

मी फोन उलटा ठेवणार होते. पण तिला स्वतःचा आवाज ऐकू आला होता. "दाखव," ती म्हणाली. तिनं तो शेवटपर्यंत पाहिला, एप्रननं तोंड पुसलं तिथपर्यंत. क्रेगनं आमच्या पानावरून काढला होता खरा, पण कंपनीच्या हातात तो कधीचाच देऊन ठेवला होता. आता ती कुठकुठल्या संस्थांच्या पानावर उभी राहून टिप मागत होती, ते देव जाणे.

"फोन लाव तिला," डोलोरेस म्हणाली.

मी व्हिडिओ कॉल लावला. वहिनी डोलोरेसला बघून चीत्कारलीच. डोलोरेसनं तिला तिचं होईपर्यंत चीत्कारू दिलं. मग म्हणाली, "मॅडम, त्या व्हिडिओतली बाई मीच. ती टिप ठेवू नका. ती वाढणाऱ्याला मिळत नाही. तुमच्या शाळेलाही मिळत नाही."

"अहो, नाही कशी!" वहिनी म्हणाली. "तुमचा हक्कच आहे तो. इतकी वर्षं कष्ट केलेत तुम्ही!" आणि मग मला मराठीत, "काय विनय आहे गं बाईंचा! हे ऐकून तर आणखी ठेवावीशी वाटते."

"वहिनी, विनय नाही तो. ती खरं सांगतेय." आणि मी तिला मराठीत पहिल्यापासून सगळं सांगितलं. टिप कुणाला जाते, क्रेगला काय माहीत होतं, स्टॅन कुठल्या टेबलावर बसतो. वहिनी खजिनदारीण आहे त्या मंडळाची, तिला हिशेब कळतो. ती ऐकता ऐकता गंभीर झाली.

"अगं बाई," ती म्हणाली. "हे वाईटच झालं." आणि मग, "पण सुनेत्रा, आता वर्गणी ऐन भरात आहे गं. तो व्हिडिओ बघूनच लोक पान उघडतात. शाळेची जागा हातची जाईल. एवढं होऊ दे, मग काढायला सांगते मी. नक्की."

माझी स्वतःची वहिनी. माझ्या लग्नात माझी वेणी घातली होती तिनं.

"काय म्हणाली?" डोलोरेसनं विचारलं.

मला ते इंग्रजीत सांगायला शब्द सापडेना. डोलोरेसनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. चाळीस वर्षं माणसांची तोंडं वाचलेली बाई ती, तिला सांगायची गरज पडली नाही.

"बरं," ती म्हणाली. "मग तिला विचार, ज्यांनी ज्यांनी टिप ठेवली त्यांचे फोन नंबर देईल का. सगळ्यांचे. मी एकेकाला सांगते."

मी विचारलं. वहिनी म्हणाली, "अगं, दारात कुणीतरी आलंय, नंतर बोलू," आणि फोन बंद झाला.

डोलोरेसला ते मराठी कळलं नव्हतं. तिनं पर्समधून पेन काढलं होतं, चहाच्या कपाखालचा कागदी रुमाल ओढून समोर सरळ केला होता, आणि ती माझ्याकडे बघत थांबली होती.

"हं, सांग सोन्या," ती म्हणाली. "पहिला नंबर?"